परवानगीचा रंग

माहीमहून दादरकडे सेनापती बापट मार्गाने निघालं की एका बाजूला रेल्वेच्या हद्दीची भिंत लांबवर साथ करते. जुने मुंबईकर या रस्त्याला अजून तुळशी पाईप रोडच म्हणतात. १५ ऑगस्ट २००९ रोजी महापालिकेच्या संमतीने शेकडो माणसं रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन या भिंतीपाशी जमली. त्यांत चित्रकार होते, कॉलेजची मुलं होती, कधी हातात ब्रश न धरलेली माणसंही होती. पानाच्या पिचकाऱ्या आणि लघवीचे ओघळ सोसणारी भिंत बघता बघता रंगून गेली. ‘द वॉल प्रोजेक्ट’ या नावाने काही तरुणांनी त्याआधी वांद्र्यात सुरू केलेल्या उपक्रमाचा हा पुढचा, मोठा टप्पा होता. मुंबईत भिंती रंगवण्याची जी लाट नंतर आली, तिच्या सुरुवातीला ही भिंत उभी आहे.

त्या दिवशी जे झालं ते चांगलंच झालं. पण त्यातून पुढे आपण उचललं काय, तर फक्त रंग. भिंतीपाशी साधा माणूस उभा राहिला आणि त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनातलं काहीतरी काढलं, हे त्यातलं खरं मोलाचं होतं आणि तेच मागे पडलं. आता सार्वजनिक भिंत रंगवायची म्हणजे निविदा निघते, कंत्राटदार येतो, मंजूर झालेलं चित्र येतं आणि कोपऱ्यात प्रायोजकाचं बोधचिन्ह. भिंत छान दिसते का, एवढंच आपण विचारतो. या भिंतीवर बोलायची मुभा कुणाला आहे, हे विचारत नाही. मला वाटतं, शहरातल्या रंगलेल्या, खरडलेल्या, पुन्हा पुन्हा लिहिलेल्या भिंतींबद्दल विचार करायचा तर सुरुवात या दुसऱ्या प्रश्नापासून करायला हवी.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रुपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे. लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी स्थानिक प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय काही लिहिलं, रंगवलं, चिकटवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचताना हा कायदा सगळ्यांना सारखा लागू आहे असं वाटतं. रस्त्यावर मात्र तो कुणाला लागतो हे ज्याचं त्याला माहीत असतं. साहेबांच्या वाढदिवसाचे फलक चौकाचौकांत, सिग्नलच्या खांबांना, झाडांच्या फांद्यांना बांधलेले असतात आणि त्यांच्या खालून पोलिसांची गाडी निघून जाते. बेकायदा फलकांविरुद्धच्या जनहित याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला, महापालिकांना आणि पोलिसांना कारवाई करायला बजावलं. त्यानंतरचे गणेशोत्सव, दहीहंड्या आणि निवडणुका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. उलट मे २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट भरात असताना, लशी परदेशी का पाठवल्या असा पंतप्रधानांना सवाल करणारी भित्तिपत्रकं दिल्लीत लागली, तेव्हा डझनाहून जास्त लोकांना अटक झाली. ज्या कलमांखाली गुन्हे नोंदले गेले त्यांत दिल्लीचा विद्रुपीकरण प्रतिबंधक कायदाही होता. अटक झालेल्यांत पत्रकं चिकटवणारे मजूर होते. कागद आणि खळ दोन्हीकडे सारखीच असते. गुन्हा ठरतो तो वर काय छापलंय यावरून.

फलकांनी शहराचं काय केलं हे १३ मे २०२४ ला घाटकोपरला दिसलं. वादळी वाऱ्यात १२० फूट लांब आणि १२० फूट उंच जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसं मेली. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. इतकी प्रचंड वस्तू हमरस्त्याच्या कडेला उभी राहते, तिच्या पायासाठी खड्डे खणले जातात, लोखंड येतं, क्रेन येते, रोज लाखो लोक ती पाहतात आणि तरी ती कुणाला दिसत नाही. त्याच शहरात भुयारी मार्गाच्या भिंतीवर कुणी स्प्रेने चार शब्द लिहिले तर ते मात्र लगेच दिसतात. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पैसे मोजून घेतलेली भिंत आपण शहराचा भाग मानतो. पैसे न देता लिहिलेली भिंत आपल्याला घाण वाटते.

डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या पाहुण्यांसाठी मुंबई सजवली गेली. रस्त्याकडेच्या काही झोपडपट्ट्यांपुढे पडदे आणि फलक उभे राहिले. सुमारे १,७०० कोटींचा सौंदर्यीकरण प्रकल्पही तेव्हाच हाती घेतला गेला. दिव्यांच्या खांबांना रोषणाई गुंडाळली, पुलांच्या पोटाला रंग लागला, भिंतींवर फुलपाखरं, मोर, डबेवाले आणि लोकल आल्या. ही चित्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. काही तर फार मन लावून काढलेली आहेत आणि ती काढणाऱ्या मुलांना त्यातून चार पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे. पण या सगळ्या भिंतींवर मिळून एकही प्रश्न नाही. पाणी का येत नाही, भाडं का परवडत नाही, गिरणीची जमीन कुठे गेली, यातलं काहीच नाही. परवानगीबरोबर येणाऱ्या अटी ठरलेल्या असतात: राजकारण नको, धर्म नको, कुणाला टोचेल असं काही नको. इतकं सगळं वगळल्यावर उरतो तो मोर. मोर कुणालाच टोचत नाही.

हे शहर असं गप्प नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबईच्या भिंती चुन्याने आणि गेरूने बोलत होत्या. गिरणगावातल्या चाळींच्या आणि गिरण्यांच्या भिंतींवर युनियनच्या सभांच्या तारखा, बंदच्या हाका आणि पुढाऱ्यांची नावं असत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तोही या भिंतींनी पाहिला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत नामांतराची मागणी वस्त्यावस्त्यांच्या भिंतींवर निळ्या अक्षरांत उभी होती. ज्या माणसांचं पत्र वर्तमानपत्रात छापून येत नव्हतं, ज्यांच्या सभेची बातमी आतल्या पानावरही येत नव्हती, त्यांना भिंत हेच छापखान्यासारखं हाताशी असलेलं साधन होतं.

आणि त्या लिहिण्यात कसब होतं. आधी भिंत खराट्याने झाडून घ्यायची, पोपडे खरवडायचे. मग चुन्यात थोडी नीळ घालून पांढरा पट्टा मारायचा म्हणजे पांढरं आणखी उजळ दिसतं. पट्टा सुकला की रंगात बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधे चिमटीत पकडून सोडायची, की सरळ रेघ उमटते. अक्षरांची बाह्यरेषा खडूने काढायची आणि चपट्या ब्रशने भरत जायची. शिरोरेषा आधी की शेवटी, यावर प्रत्येक पेंटरचं आपलं मत असे. रस्त्याने जाणाऱ्या बसमधून वाचता यावं म्हणून अक्षरं जाड, काना बुटका, वेलांटी आखूड. शब्दांची संख्या भिंतीच्या लांबीवर ठरे, म्हणून घोषणा लिहिणाऱ्याला भाषाही घासून घ्यावी लागे. अनेकदा दिवसा दुकानाच्या पाट्या रंगवणारा पेंटर रात्री चळवळीसाठी भिंत रंगवत असे, मजुरी न घेता. पुढे फ्लेक्स आला. संगणकावर चेहरा चिकटवायचा, तासाभरात बॅनर हातात. पाट्या रंगवणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्याने बेकार केली. फ्लेक्सला पैसे लागतात आणि पैसे ज्याच्याकडे असतात त्याचंच बोलणं भिंतीवर राहतं, हे आपल्या लक्षात येईपर्यंत गेरूचे डबे सुकून गेले होते.

आजच्या कलामहोत्सवांबद्दल माझी तक्रार इथून सुरू होते. २०१७ च्या अखेरीस कुलाब्याच्या ससून गोदीत रस्त्यावरच्या कलेचा मोठा महोत्सव झाला. ही गोदी १८७५ ची आणि शहरातल्या मासळीच्या मोठ्या बाजारांपैकी एक. तिथे राबणाऱ्या कोळ्यांचे भव्य कृष्णधवल चेहरे भिंतींवर लागले. कोळंबी सोलणाऱ्या बायांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुरुषभर उंचीच्या झाल्या. लोक रांगा लावून पाहायला आले, ज्यांनी जन्मात गोदीत पाऊल टाकलं नव्हतं असे लोक आले. हे काम मनापासून झालेलं होतं आणि त्या चेहऱ्यांना मिळालेला मान खरा होता. तरीही एक गोष्ट मला सलत राहिली. भिंतीवर त्यांचा चेहरा होता, त्यांचं वाक्य नव्हतं. पुढे काही वर्षांनी वरळी कोळीवाड्याचे मच्छीमार सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून भांडत होते. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं, ते वाढवून मागत होते. होड्या घेऊन समुद्रात उतरून त्यांनी काम अडवलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ते १२० मीटर करायचं मान्य केलं. मुंबईच्या इतक्या सजवलेल्या भिंतींपैकी एका तरी भिंतीवर तो आकडा रंगवला असता तर शहराला कळलं असतं की आपल्याच शहरातली माणसं काय मागतायत. पण मागणी चित्रासारखी दिसत नाही आणि तिला प्रायोजक मिळत नाही.

भिंतीवर सत्ता चालते हे आपल्या इमारतींच्या जिन्यांइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. कोणत्याही जुन्या कार्यालयाच्या किंवा व्यापारी संकुलाच्या जिन्याने चढून जा. वळणाच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, चार बाय चार किंवा सहा बाय सहा इंचांच्या टाइल्स बसवलेल्या असतात, कुणी थुंकू नये म्हणून. गणपती, साईबाबा, त्यांच्या शेजारी क्रूस, त्याच्या शेजारी मक्केचं चित्र, कधी बुद्ध, कधी गुरू नानक. कोपऱ्यात सिमेंट नवं असतं आणि टाइलच्या वर, देवाच्या डोक्यापासून हातभर अंतर राखून, पिचकारीचा लाल शिंतोडा असतोच. सगळ्या धर्मांना इतकं शेजारी बसवलेलं दुसरीकडे क्वचित दिसेल. इमारतीच्या मालकाने पाणी आणि साफसफाई देण्याऐवजी भिंतीला भीती लावून ठेवली आहे. मला हे पाहून दरवेळी वाईट वाटतं, देवासाठी आणि जिना झाडणाऱ्या बाईसाठीही. कारण शिंतोडे शेवटी तीच पुसते.

आता माझ्याच म्हणण्याला आडवी येणारी गोष्ट. भिंतीवर लिहिणं हे बोलणं असेल, तर किल्ल्यांवर जे चाललंय ते काय? रायगड, सिंहगड, राजगड, कुठेही जा, तटाच्या दगडावर नावं कोरलेली असतात, बदामात बाण, कॉलेजचं नाव, तारीख. ‘राजे’ लिहूनही लोक दगडाला टोचे मारतात. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली. ती योग्यच आहे आणि ती वापरली जावी असं मला मनापासून वाटतं. लेण्यांतल्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचं नाव कोरलेलं असतं, मग माझ्या नावाने काय बिघडलं, असा युक्तिवाद काही जण करतात. बिघडतं ते हे: त्या दात्याने ती लेणी उभी राहायला काहीतरी दिलं होतं. आपण येऊन फक्त घेऊन जातो. दगड पुन्हा उगवत नाही. चुना खरवडता येतो, दगडावरची खाच राहते. शिवाय तिथे संवाद कुणाशीच नसतो. तटाचा दगड उत्तर देऊ शकत नाही आणि त्यावर लिहिणाऱ्याला उत्तर नकोच असतं.

म्हणून मी एक कसोटी धरतो. जे लिखाण दुसऱ्या कुणालातरी पुसता येतं, त्याच्यावर लिहिता येतं, त्याला उलट उत्तर देता येतं, ते शहराचं बोलणं. जे कायमचं बसतं किंवा जे कुणाच्या राहत्या घरावर त्याच्या इच्छेविरुद्ध येतं, ते अतिक्रमण. या कसोटीवर किल्ल्यावरचा बदाम नापास होतो. घाटकोपरचा फलकही नापास होतो. त्याला कुणी उत्तर द्यायचं आणि कशाने? आणि कंत्राटदाराने काढलेला, वर संरक्षक लेप मारलेला मोरही पास होत नाही, कारण त्याच्यावर कुणी एक शब्द लिहिला तर तो गुन्हा ठरतो.

ही कसोटी राबवणं अशक्य नाही, हे दुसऱ्या शहरांनी दाखवलं आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलोने २००७ च्या सुरुवातीला ‘स्वच्छ शहर’ कायद्याने रस्त्यांवरचे जाहिरात फलक काढून टाकले. लाखो लोकांना आपल्या इमारतींचे खरे चेहरे दिसले. हे मला फार मोठं काम वाटतं. पण त्याच शहराच्या महापौराने जानेवारी २०१७ मध्ये एका मोठ्या हमरस्त्याच्या कडेची रस्त्यावरची चित्रं राखाडी रंगाने पुसून टाकली आणि लोक भडकले. शहराने जाहिराती हटवल्याचं स्वागत करणारेही त्या राखाडी रंगावर रागावले, ते योग्य कारणासाठी. बाजाराचा आवाज कमी करणं वेगळं आणि शहराचा आवाज बंद करणं वेगळं.

कोलंबियाच्या बोगोटामधली गोष्ट अधिक कडवट आहे. २०११ मध्ये भिंत रंगवणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसाने पाठीत गोळी घातली. तो दरोडेखोर होता असं भासवण्याचा प्रयत्न झाला आणि तो उघडा पडला. त्याच्या मृत्यूने शहर हादरलं. २०१३ मध्ये महापौरांनी काढलेल्या आदेशाने भित्तिचित्रांना सरसकट गुन्हा मानणं थांबलं. कुठे चालणार नाही, कुठे मालकाची परवानगी लागेल, याची वर्गवारी झाली: स्मारकं, सार्वजनिक इमारती वगळून बाकी ठिकाणांसाठी नियम. आज त्या शहराच्या भिंती पाहायला जगातून माणसं जातात. पर्यटक आले म्हणून आदेश चांगला, असं मला म्हणायचं नाही. एका मुलाच्या जिवाची किंमत मोजून शहराला कळलं की रंगाच्या डब्याला बंदुकीने उत्तर देता येत नाही. आपल्याकडे तशी वेळ यायच्या आधीच आपण विचार केलेला बरा.

आपल्याकडे काय करता येईल? मुंबईत प्रशासकीय प्रभाग चोवीसच्या आसपास आहेत, पुण्यात आणि नागपुरातही असे विभाग आहेत. प्रत्येकात एक मोकळी भिंत असावी, महापालिकेच्या मालकीची, गजबजलेल्या रस्त्यावर, उजेडात. उद्यानाची असो, पंपगृहाची असो, पुलाचा पाया असो. तिच्यावर काढायला परवानगी लागू नये आणि तिच्यावरचं काही निवडून पुसायचा अधिकार महापालिकेला नसावा. कुणाला आवडलं नाही तर त्याने वर दुसरं काढावं. द्वेष पसरवणं, कुणाला जिवाची धमकी देणं, एखाद्या बाईची बदनामी करणं, यांसाठी फौजदारी कायदा आहेच आणि तो भिंतीवरच्या मजकुरालाही लागू राहील. त्याला विद्रुपीकरणाच्या कायद्याची मदत लागत नाही.

पक्ष ही भिंत बळकावतील, ही भीती खरी आहे. कोलकात्यात निवडणुकीआधी कार्यकर्ते भिंतीवर पक्षाचं नाव आणि वर्ष टाकून ती ‘बुक’ करतात आणि घरमालकाला विचारलं जातं की नाही हे त्या गल्लीतल्या दबदब्यावर ठरतं. आपल्याकडेही तसं होईल. म्हणून दोन नियम हवेत. मोकळ्या भिंतीवर पक्षाचं चिन्ह आणि पुढाऱ्याचं छायाचित्र नको, आणि कोणत्याही नावाने छापील फ्लेक्स नको. हाताने जे लिहिता येईल तेवढंच. हाताने लिहायला वेळ लागतो, उभं राहावं लागतं, शेजारून जाणारा थांबून विचारतो. दादागिरी करणाऱ्याला या गोष्टी जड जातात.

आणि या भिंतीचा सगळ्यात मोठा फायदा बायकांना होईल, अशी माझी खात्री आहे. रात्री स्प्रेचा डबा घेऊन निघणं आजही पुरुषांनाच जमतं, त्यांनाही धाकधूक होते. आजवर भिंतींवर जे लिहिलं गेलं त्यातलं फार थोडं बाईच्या हातचं आहे, कारण रात्र तिच्या मालकीची नाही. घरातली कामं आवरून दुपारी दोन वाजता, भर उजेडात, गुन्हा न करता लिहायला मिळालं तर ती काय लिहील याची मला मनापासून उत्सुकता आहे. रेशनची रांग, नळाला येणारं पाणी, लोकलच्या डब्यात अंगाला लागणारे हात, मुलीची फी, सासूशी भांडण, काहीही. हे सगळं ती आज बोलतेच, पण ते चार भिंतींच्या आत आणि तिच्यासारखीच दुसरी ऐकते तेव्हा.

महापालिकेकडे यासाठी पैसे नाहीत असं म्हणता येणार नाही. मोरांसाठी होते. एका अख्ख्या भिंतीला वर्षातून दोनदा सरसकट चुना मारायचा खर्च एका रोषणाई केलेल्या खांबापेक्षा कमी असेल, तो प्रभागाच्या निधीतून सहज निघेल. नगरसेवकांनी ठराव मांडायचा, आयुक्तांनी १९९५ च्या कायद्याखालीच त्या भिंतीला एकदाच सरसकट लेखी परवानगी द्यायची. कायदा बदलायचीही गरज नाही, कारण परवानगी द्यायचा अधिकार त्यात आहेच. आजवर तो जाहिरातदारांसाठी आणि पाहुण्यांसाठी वापरला गेला. एकदा रहिवाशांसाठी वापरावा.